स्थळ कुणी मिटलं?

विजयमाला खोचरेंनी चहाचा कप टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि पडद्याकडे बघून त्या चमकल्याच. पंगत उठल्यावर पत्रावळी उचलून जमीन पुसून घ्यावी, तसा ब्राउझर लख्ख झाला होता. कालपर्यंत पडद्याच्या माथ्यावर टॅबांची अशी दाटी असायची की नावंही वाचता येत नसत; नुसती नखाएवढी चित्रं, आणि काहींच्या कोपऱ्यात हिरवा दिवा. आज तिथे मोजके टॅब ऐसपैस बसले होते. खाली नम्र अक्षरांत लिहिलं होतं : ‘ज्या पानांकडे आपण परतणार नव्हता, ती आवरली आहेत. आपला दिवस निवांत जावो.’

“माझा दिवस कसा जावा हे तू ठरवणार होय रे!” विजयमालाताई म्हणाल्या. पडदा ऐकून घेत होता; उत्तर देणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

स्मृतीच्या, म्हणजे मेमरीच्या, चिपा महागल्यापासून घरोघरच्या संगणकांत स्वतःची स्मृती नावालाच उरली होती. लागेल तेवढी गावाबाहेरच्या स्मृतिकेंद्रातून तारेने यायची, नळाच्या पाण्यासारखी. आणि नळाच्या पाण्यासारखीच ऐन कामाच्या वेळी तिची धार बारीक व्हायची. ब्राउझरमध्ये उघडं राहिलेलं प्रत्येक पान थोडी स्मृती अडवून बसतं. त्यामुळे ज्या शेजारणी पूर्वी मोटर लावून पाणी ओढण्यावरून भांडत, त्या आता ‘किती टॅब उघडे टाकता हो’ म्हणून भांडू लागल्या होत्या. त्यावर तोडगा म्हणून ‘निवांत’ आला. हा आवरणारा कार्यक्रम माणसाच्या सवयी बघायचा, कुठल्या पानाला बोट लागतं, कुठल्याला लागत नाही हे टिपायचा, आणि पुन्हा उघडलं जाणार नाही असं पान न विचारता मिटायचा. कराडातच नव्हे, गावोगाव तो बसवला होता. लोक खूश होते. आवरायची कटकट दुसऱ्यानं घेतली की कोण खूश नसतं?

पण विजयमालाताईंचा धंदा लग्नं जुळवण्याचा. त्यांच्या वधूवर सूचक केंद्रात एका स्थळाला एक पान असे. मुलीकडचे, मुलाकडचे आणि ताई, असं तिघांकडे ते उघडं राहायचं. समोरच्याचं पान उघडं असेल तोवर टॅबच्या कोपऱ्यात हिरवा दिवा तेवायचा. म्हणजे, आमचा विचार चालू आहे. केंद्राचा एकच नियम होता : होकार असो की नकार, कुणाच्या तरी तोंडून आल्याशिवाय स्थळ मिटायचं नाही.

आता तोंडून काय येतं, हे वाचायलाही अनुभव लागतो. ‘नोकरी करणारी चालेल’ म्हणजे केलीच पाहिजे. ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ असं आई म्हणाली तर बरं; मामा म्हणाला तर चौकशी करावी. ‘पत्रिका जुळत नाही’ हा नकार, ‘घरच्यांशी बोलून कळवतो’ हाही बहुतेक नकारच. पण ‘कळवतो’ म्हणून जो गप्प बसतो आणि पान मात्र मिटत नाही, त्याचं काहीतरी आत शिजत असतं. वधूपक्षानं उतावीळपणा दाखवायचा नाही, वरपक्षानं गरज दाखवायची नाही. मग उरतो तो दिवा. ताईंनी कित्येक लग्नं नुसत्या दिव्यावर तगवून धरलेली होती.

साडी सावरत रेवती मोहिरे आत आली ती उभ्यानंच बोलली. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, चाळिशीला टेकलेली, पहिलं लग्न मोडून बरीच वर्षं झालेली. बोलणं नेहमी तोलून-मापून. आज माप सुटलं होतं.

“ताई, माझं नाव काढून टाका केंद्रातून.”

“बसा आधी. घोरपड्यांचं काय झालं?”

“दिवा गेला त्यांचा. परवा पाहिलं तर पानच मिटलेलं. पुन्हा उघडलं, तरी दिवा नाही.” तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली. “दादा आज टेम्पो घेऊन येतोय. पुण्याला त्याच्याकडे चल म्हणतो. मुलांचं बघायचं, वहिनीला मदत करायची. एवढे दिवस मी नाही म्हणत होते. कशाच्या जोरावर म्हणत होते, ते त्याला कुठे सांगणार?”

पलूसचे विश्राम घोरपडे द्राक्षबागांमधली हवामानयंत्रं दुरुस्त करायचे. विधुर, घरी म्हातारी आई. दोघं एकदाच भेटले होते, केंद्रातच, आणि चहा गार होईपर्यंत बोलत बसले होते. निघताना ते म्हणाले होते, “कळवतो.” त्यानंतर शब्द नाही.

“तुम्ही त्या पानाला कधी हात लावला होता?” ताईंनी विचारलं.

“छे! आपण कसा लावणार? लांबूनच बघायचे. कॉलेजला जाताना दिवा दिसला की...”

एवढ्यात निवांत कंपनीचे मकरंद वेलणकर पुष्पगुच्छ घेऊन दारात हजर झाले. तिशी ओलांडलेले, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर बक्षीस वाटायला आल्याचा आनंद.

“अभिनंदन मॅडम! कराडातलं सगळ्यात हलकं कार्यालय म्हणून तुमचा सत्कार करायचाय. एका रात्रीत केवढी स्मृती मोकळी केलीत!”

“मी केली? मग माझ्याच हातानं पुष्पगुच्छ त्या यंत्राला देते. बसा वेलणकर. एकच सांगा. पलूसचं हे स्थळ. आधी कुणी मिटलं? त्यांनी की ह्यांनी?”

वेलणकरांनी आपल्या हातातल्या टॅब्लेटच्या पाटीवर बोट फिरवलं. “कुणीच नाही. दोन्हीकडे निवांतनंच मिटलंय. पान नुसतं पडून असतं तर चाललं असतं, पण दिवा जागता ठेवायला फार स्मृती लागते ना. आणि कित्येक महिने दोघांपैकी कुणी बोट लावलं नव्हतं.”

खुर्चीत रेवती ताठ झाली.

“बोट लावायचंच नसतं त्याला!” ताई कडाडल्या. “आमच्यात थांबणं म्हणजे विसरणं नव्हे, वेलणकर. थांबणं म्हणजे बोलणं.”

“पण मॅडम, आमचा अंदाज अठ्ठ्याण्णव टक्के अचूक आहे. आम्ही जे मिटतो त्याकडे माणसं खरंच परत येत नाहीत.”

“येतील कशी? हिला वाटतं त्यानं मिटलं, त्याला वाटतं हिनं मिटलं. दोघंही मानी. तुमचं यंत्र खानावळीला कुलूप लावतं आणि वर म्हणतं, बघा, कुणी जेवायला आलं नाही!”

वेलणकरांनी पुष्पगुच्छ या हातातून त्या हातात घेतला. “मग जोडून द्या पुन्हा,” ताई म्हणाल्या. ते शक्य नव्हतं. मोकळी झालेली स्मृती कधीच दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. पान पुन्हा उघडता येईल, पण तुटलेला दिवा लागणार नाही. त्यासाठी एका बाजूनं नव्यानं विचारावं लागेल.

नव्यानं विचारायचं! म्हणजे ज्या एका गोष्टीला टाळत दोन्ही घरं एवढे दिवस गप्प होती, नेमकी तीच.

ताईंनी फोन उचलला, नंबर काढला आणि रेवतीपुढे धरला.

“मी?” रेवती मागे सरकली. “मुलीनं फोन करायचा? लोक काय म्हणतील?”

“मी केला तर तो केंद्राचा फोन होईल. तुम्ही केलात तर तुमचा. आणि लोकांचं म्हणाल, तर लोक टेम्पोत सामान चढवतानाही काहीतरी म्हणणारच आहेत.”

रेवतीनं फोनकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या ‘आपला दिवस निवांत जावो’कडे पाहिलं. काय झालं कुणास ठाऊक, वर्गात मागच्या बाकावरच्या बडबडीला थांबवताना व्हायचा तसा तिचा चेहरा झाला. तिनं फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“घोरपडे बोलतोय.”

“मी रेवती मोहिरे. कराडहून.”

पलीकडे पान्हा की काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. “बोला ना मॅडम.”

“तुम्ही स्थळ मिटलंत का?”

“मी? मला वाटलं तुम्ही मिटलंत.”

“मी नाही मिटलं.”

“मग मीही नाही.” विश्रामराव म्हणाले, “आई रोज विचारायची, दिवा आहे का रे. परवापासून तिला खोटंच सांगतोय, आहे म्हणून.”

रेवतीनं डोळे मिटून घेतले. आवाज मात्र हलला नाही. “मग खोटं कशाला सांगताय? मी उद्या येते पलूसला. तुमच्या आईंनाच सांगते.”

फोन ठेवून तिनं लगेच दुसरा लावला. “दादा, टेम्पो परत पाठव. नाही, बरी आहे मी. नाही म्हणजे नाही. कारण नंतर सांगेन, आधी नाही ऐकून घे.”

ती गेली तेव्हा ताई पडद्यापुढे बसल्या होत्या. निवांत काढून टाकायची आज्ञा त्यांनी दिली. पडद्यानं दोनदा काळजीनं विचारलं, त्यांनी दोनदा तेच सांगितलं.

“मॅडम, विचार करा,” वेलणकर म्हणाले. “सगळी पानं उघडी राहिली तर यंत्र रांगायला लागेल. शेजारचे तक्रार करतील. तुमची धार तोडतील.”

“रांगू दे. माझा धंदाच सावकाशीचा आहे. आणि धार तोडायला येतील त्यांना इथेच बसवेन आणि विचारेन, तुमच्या घरचं कुठलं कुठलं बोलणं यानं परस्पर संपवलंय ते माहीत आहे का?”

मग त्या मिटलेली स्थळं शोधून एकेकाला फोन लावू लागल्या. पहिल्यानं सांगितलं, बरं झालं मिटलं, मुलीचं लग्न ठरलंय. दुसऱ्यानं ओळखच दाखवली नाही. वेलणकरांच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. यंत्र अगदीच खोटं नव्हतं, हे ताईंनाही कळत होतं, आणि त्या तसं म्हणाल्याही. तिसऱ्या घरच्या बाई मात्र एकदम म्हणाल्या, “म्हणजे त्यांनी नाही म्हटलं नव्हतं?”

ताईंनी वेलणकरांकडे पाहिलं. ते जायला उठले नव्हते. पाटीवर त्यांनी स्वतःचं खातं उघडलं होतं, निवांतनं मिटलेल्या पानांची यादी.

“काय बघताय?”

“निवांत माझ्याकडेही आहे. आमच्या लोकांना आधी बसवतात.” त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. “आक्का रत्नागिरीला असते. आईच्या आजारपणावरून आमची वादावादी झाली होती. नंतर मी काही लिहिलं नाही, तिनंही नाही. पण आमच्या दोघांच्या पत्रव्यवहाराच्या पानावरही असाच दिवा असायचा. एक दिवस तो गेला. मला वाटलं, संपवलं तिनं.”

“आणि तिला काय वाटलं असेल?”

पलीकडच्या बाई अजून फोनवरच होत्या, “हॅलो, हॅलो” करत. ताईंनी त्यांना “एक मिनिट हं” म्हटलं आणि टेबलावरचा दुसरा फोन वेलणकरांच्या पुढ्यात सरकवला.

त्यांनी तो हातात घेतला, नंबर लावता लावता थांबले आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखं ताईंकडे बघत म्हणाले, “पण मॅडम, जे आम्ही दोघांनीही संपवलंच नव्हतं, ते पुन्हा सुरू करायचं तर सुरुवात कुठून करायची?”