त्याला झोपू द्या

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण हे माझ्या स्वतःच्या घरात घडलंय.

करोनाचं वर्ष, ऑगस्ट २०२१. ब्रिस्बेनजवळचं स्प्रिंगफील्ड लेक्स. संध्याकाळी साडेपाचलाच अंधारून यायचं.

माझा नवरा श्रीनाथ एका जपानी कंपनीत इंजिनिअर. व्हिसा कंपनीचाच, म्हणजे नोकरी गेली की देशही सुटला. काम घरूनच, पण दिवसभर कॅमेरा चालू. बॉसने कॉल बंद करेपर्यंत कोणी तो सोडायचा नाही. आणि कोणी कॅमेऱ्यासमोर पेंगलंच, तर त्याला उठवायचं नाही! डुलकी म्हणजे मेहनतीचा पुरावा म्हणे.

टीममधले हिरानो सान ओसाकाला एकटेच राहायचे. मी चहा द्यायला गेले की स्क्रीनवरून हसून "नमस्ते" म्हणायचे.

एके दिवशी ते मान खाली घालून बसलेले दिसले.

दुसऱ्या दिवशीही तसेच... कॉल रात्रभर चालूच, शर्टही तोच.

"अरे, कोणीतरी उठवा ना त्यांना!"

"चारू, त्यांच्यात नाही उठवत," श्रीनाथ म्हणाला.

मग त्यांच्या गालावरून एक माशी चालत गेली...

ते हललेच नाहीत.

"शेवटपर्यंत कामावर होता," बॉस नंतर अभिमानाने म्हणाला. मला किळस आली. माणूस सडत होता आणि यांची मीटिंग चालू होती!

"सोड ही नोकरी," मी श्रीनाथला म्हणाले.

"पीआर होऊ दे गं, इथे कायमचं राहता येईल, मग सोडतो."

पुढच्याच आठवड्यात मी कणीक मळत होते. आतून खुर्ची करकरली...

आमची खुर्ची करकरत नाही.

मी खोलीत गेले. श्रीनाथची मान खाली. स्क्रीनवर सगळ्यांचे चौकोन, आणि त्यांत हिरानो सानांचाही. रिकामी खुर्ची... हळूहळू मागेपुढे होत होती.

सगळ्यांना दिसत होती. तरी सगळे टाइप करत राहिले.

"श्री! ए श्री!"

"लेट हिम स्लीप," बॉस हळूच म्हणाला. "ही वर्क्स हार्ड."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. निर्लज्ज मेले!

तेवढ्यात त्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला... ओळखीचा.

"नमस्ते. प्लीज... वेक हिम."

मी श्रीनाथला गदागदा हलवलं. हात गारठलेले, ओठ निळे. किती तरी वेळाने त्याने श्वास घेतला.

मी कॉल बंद केला. बॉसच्या आधी.

श्रीनाथने नोकरी सोडली. नशिबाने टूवूंबा शहरात व्हिसा देणारी दुसरी कंपनी मिळाली. कंपनीचा तो लॅपटॉपही कधीच परत गेला.

पण अजूनही श्रीनाथला सोफ्यावर साधी डुलकी लागली, तरी कुठूनतरी खुर्ची करकरते...

मी हातातलं टाकून धावते. हिरानो सानांना कोणीच उठवलं नव्हतं.