नऊ नंबरची ओळ

सहाला वॉर्डात भेटायची वेळ सुरू होई. त्याआधी इस्पितळात संगणकाचं काम पाहणाऱ्या धाकट्या सुनेला एवढं एकच काम उरकायचं होतं. इस्पितळाच्या जुन्या इमारतीच्या सर्व्हरवर खाटांची यादी होती. ती नव्या इमारतीच्या वेब पानावर, डॉक्टरांना हवी तशी लावता-शोधता येईल अशा तक्त्यात दिसायला हवी होती. तक्ता तयार होता, पण रिकामा. दोन्ही इमारतींचे वेब पत्ते वेगळे, आणि परक्या पत्त्यावरून मागणाऱ्याला जुना सर्व्हर यादी देईना. कोणाला द्यायची, त्याचं नाव, म्हणजे वेब पत्ता, सर्व्हरकडे आधी लिहून ठेवावं लागे.

धाकटीनं तीनदा नाव लिहिलं. तीनदा नकार. शेवटी वैतागून तिनं नाव खोडलं आणि जागेवर नुसती चांदणी ठेवली. चांदणी म्हणजे, जो मागेल त्याला द्या.

"नंतर नीट करू," ती पुटपुटली. सासूबाईंना हे मुळीच रुचलं नसतं. घरात बेल वाजली की त्यांचं ठरलेलं, "आधी कोण ते विचार गं, मग कडी काढ." त्या आता याच यादीत होत्या. नऊ नंबरची खाट.

तक्ता भरला. वीस खाटा, वीस ओळी. खोलीत नुकत्याच विझलेल्या वातीचा वास आला. आणि नववी ओळ म्हणत होती: नेलं, सहा वाजून दहा.

घड्याळात सहाला पाच मिनिटं कमी होती.

तिनं थोरल्या जावेला फोन लावला. ती सोबतीला दुपारपासून खाटेशीच बसली होती.

"ताई, आई कशा आहेत?"

"चहात साखर कमी म्हणून माझ्यावर रुसल्यात. तू ये, तुझंच ऐकतात."

"त्यांना न्यायला... कुणी आलंय का?"

थोरलीचा आवाज उतरला. "दारात एक बाई उभी आहे गं... मला वाटलं, तुझ्याकडची असेल. आणि आईंनी डोळे मिटलेत... हाक मारली तरी..."

धाकटीनं सर्व्हरची नोंद उघडली. यादी कोणी कोणी मागितली ते तिथे दिसे. चांदणी ठेवल्यापासून तिची स्वतःची मागणी एकदाच. बाकी दर मिनिटाला एक, फक्त नवव्या ओळीची. मागणाऱ्याचा पत्ता कोरा.

तिनं मनात हात जोडले. चांदणी पुसली. नाव पुन्हा लिहिलं, अक्षर अक्षर वाचत, आणि तेव्हा दिसलं, दर खेपेला शेवटी एक तिरकी रेघ जास्तीची पडत होती. ती काढली. सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

तक्ता क्षणभर मिटला, पुन्हा भरला. नऊ: विश्रांती.

ती धावत वॉर्डात पोचली तेव्हा सासूबाई उठून बसल्या होत्या. दारात कुणी नव्हतं.

"चांगली होती गं बाई," त्या म्हणाल्या. "चला म्हणाली. मी चपला शोधत होते, तर म्हणते, राहू द्या, आता तिथे माझं नाव नाही."

धाकटीनं त्यांच्या चहात चमचाभर साखर घातली.

घरी जाण्याआधी तिनं तक्ता एकदा पाहिला. वीस खाटा, वीस ओळी, सगळं जागच्या जागी. तक्त्याला पुढचं पान नव्हतं. फक्त तळाशी, बारीक अक्षरांत: एकूण नोंदी एकवीस.