नऊ नवरे आणि एक हाक

खऱ्या प्रेमाला स्थळकाळाचं बंधन नसतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. प्रितम आणि निशाच्या प्रेमाला होतं. ते बार्बाडोस बेटावर होतं, चार रात्री आणि पाच दिवस होतं, आणि त्यात सकाळचा नाश्ता धरलेला होता.

तिथे त्यांची भेट योगायोगानेच झाली. म्हणजे लग्न त्याआधी चौदा महिने झालं होतं. पण कोन गावातल्या सतरा माणसांच्या घरात नवरा-बायकोची भेट व्हायला तसं काही कारण नसतं. प्रितम सकाळी शेजारच्या पूर्णा गावी जायचा. तिथल्या त्यांच्या भातशेतीवर आता गोदामं उभी होती, आणि गोदामांची राखण हीच घरची शेती होती. निशा दिवसभर सासूच्या हाताखाली. एकमेकांशी बोलायचं झालंच तर मध्ये आक्का असायची, प्रितमची थोरली आत्या.

"आक्का, त्यांना म्हणावं, भाकरी वाढू का?"

ते, म्हणजे प्रितम, दोन हातांवर बसलेले असत. तरी आक्का विचारायची, ते आक्काला उत्तर द्यायचे, आणि मग भाकरी यायची.

दोन हजार सातच्या विश्वचषकाला ठाण्याच्या एका टूरवाल्याने चाळीस माणसं बार्बाडोसला नेली, त्यात हे दोघंही होते. तिथे भारत-पाकिस्तान सामना होणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ते दोन संघ मात्र पहिल्याच फेरीत घरी गेले. तिकिटं परत होत नव्हती. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मैदानात, चाळीस माणसांनी गालांवर तिरंगा रंगवून आयर्लंड विरुद्ध बांगलादेश बघितलं. रंग आणलाच होता.

दुसऱ्या दिवशी दुःख विसरायला सगळी पुरुषमंडळी समुद्रात उतरली. निशा ओढणीला दोन पिना लावून वाळूत उभी होती. पाणी असं निळं की कोणीतरी आत्ताच रंगवून गेलंय... आणि प्रितम त्यात कमरेइतका, सगळ्यांच्या पुढे, एका पक्ष्याकडे बघत.

"अहो!" निशाने हाक मारली.

समुद्रातले नऊ नवरे एकदम वळले. प्रितम तेवढा वळला नाही.

"अहो—!"

नऊ जण पुन्हा वळले. त्यातले दोघे तर बाहेर यायला निघाले. निशाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आक्का नव्हती. तिने तोंडाशी दोन्ही हात धरले आणि ओरडली,

"प्रितम!"

हे नाव मास्तरांनी हजेरीला घेतलं होतं, पोलिसाने पावतीवर लिहिलं होतं, निशाने स्वतःही सत्यनारायणाला उखाण्यात घेतलं होतं. पण उखाण्यातलं नाव म्हणजे सात-बाऱ्यावरचं नाव. ते असतं, त्यात हाक नसते. ही हाक पाण्यावरून आली आणि प्रितमच्या मानेवर येऊन टेकली. तो लाटा तुडवत बाहेर आला.

"घाबरलीस?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "...हो," म्हणाली.

मग तो वाळूत बसला, आणि ती त्याच्या शेजारी. लहानपणी खाडीत बिळात हात घालून खेकडे कसे धरायचो, पोहायला कसा शिकलो, दहावीत कसा नापास झालो... प्रितम बोलत सुटला. ऊन उतरेपर्यंत, दोन तास. निशा पायावर पाय घट्ट ठेवून, अंग चोरून ऐकत होती. मधूनच ओठ चावत होती. लाजतेय, असं त्याला वाटलं. तिथेच त्याचा जीव जडला.

उरलेले तीन दिवस ते दोघं सोडून बाकी सगळा ग्रुप कंटाळला.

परत आल्यावर दारात आक्काने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याबरोबर बहुधा बार्बाडोसही टाकलं. पुन्हा "अहो", पुन्हा "ऐकलं का", पुन्हा "आक्का, त्यांना म्हणावं". धामणकर नाक्याच्या गर्दीत कोणी दुसऱ्याच प्रितमला हाक मारली तरी हा वळून बघायचा. दोन वर्षं त्याने वाट पाहिली. दोन हजार नऊच्या एप्रिलात एका दुपारी, पंगतीत, तो म्हणाला,

"मी बार्बाडोसला जातोय. निशाला घेऊन."

वडील, म्हणजे बाळारामशेठ, खूश झाले. "मॅच कुनाची हाय?"

"मॅच न्हाय."

"मंग लगीन हाय का कुनाचं?" आक्का.

"न्हाय."

"जमीन घेतलीस तिथं?"

"न्हाय गं, आक्का."

"मंग जातंस कशाला?"

सतरा माणसं जेवायची थांबली. भाकरी वाढणाऱ्या निशाचा हात हवेतच राहिला. गेल्या वेळी क्रिकेट होतं. आज प्रितमकडे कारण म्हणून दाखवायला काही नव्हतं... एक खरं कारण सोडून.

"तिच्यासंगं बसायला," तो ताटात बघून म्हणाला.

"बसायला? आपल्या खाडीवर जागा न्हाय?"

कोणीतरी फिसकन हसलं. प्रितमचे कान लाल झाले, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. निशाने भाकरी वाढली. कधी नव्हे ती एकाच्या जागी दोन. आक्काने ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि निघायच्या दिवशी सुक्या बोंबलाची पिशवी त्याच्या हातात दिली. "सभोवार पानी हाय म्हनतंस, पन तिथं मासं मिलतील का न्हाय, काय भरवसा?"

तोच किनारा, तेच हॉटेल. पहिल्या दिवशी निशा म्हणाली, "अहो, टोपी घाला." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ऐकलं का, खोबरेल संपलं." आता आजूबाजूला नऊ नवरे नव्हते, एकच होता, त्यामुळे "अहो"ने सगळं काम व्यवस्थित होत होतं. ही अडचण प्रितमने कोनला बसून लक्षात घेतली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्याने उपाय केला. तो पाण्यात गेला आणि जातच राहिला. कमरेइतका, छातीइतका, गळ्याइतका. खाडीवर वाढलेला माणूस. बुडायचं ठरवूनही बुडाला नसता. पण तिला वाटायला काय हरकत होती? त्याने मदतीसाठी वर करतात तसा हात वर केला.

निशा किनाऱ्यावर संत्रं सोलत होती. तिनेही हात हलवला.

त्याने दोन्ही हात वर केले. किनाऱ्यावरच्या रखवालदाराने शिट्टी वाजवली. प्रितमने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. शिट्टीसाठी तो इतक्या लांब आला नव्हता.

मग निशा उठली. दोन सहलींत जिने घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं, ती सरळ पाण्यात शिरली. ड्रेस फुग्यासारखा फुगला, ओढणी मागे तरंगत राहिली. हे बघून प्रितमच घाबरला आणि झपाझप माघारी आला. कमरेइतक्या पाण्यात दोघं समोरासमोर उभे राहिले.

"काय चाललंय?" निशा.

"तू हाक मारतेस का, बघत होतो."

"सकाळपासून चारदा मारली की!"

"तशी नाही... मागच्या वेळी मारली होतीस, तशी."

ती बघत राहिली. "त्यासाठी आणलंत एवढ्या लांब?"

"हं."

"घरी सांगायचं."

"घरी मारली असतीस?"

निशाने प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाय. आक्का चक्कर येऊन पडली असती."

लाट आली. तिने त्याचं मनगट पकडलं. लाट गेली, मनगट तसंच राहिलं.

"एक सांगू? रागावणार नाही ना?" ती पाण्याकडे बघत म्हणाली. "त्या दिवशी मी घाबरले नव्हते. मला बाथरूमला जायचं होतं. खोलीची किल्ली तुमच्या खिशात होती."

प्रितमच्या डोक्यातली दोन वर्षं हळूहळू जागा बदलू लागली.

"पण... तू तर दोन तास बसलीस."

"मग काय करू? इतके खूश होऊन आलात पाण्यातून! आणि पहिल्यांदाच बोलायला लागलात. खेकडे काय, दहावी काय... मी उठले असते तर तुम्ही परत गप्प झाला असता."

"अगं, सांगायचं तरी..."

"आक्का नव्हती ना सांगायला," निशा म्हणाली आणि हसली.

प्रितम हसला नाही. त्याच्यासाठी आजवर कोणी नवस केले होते, कोणी उपास केले होते. पण दोन तास हे असं कोणी सोसलं नव्हतं. त्याने तिच्या ओढणीचं तरंगणारं टोक पाण्यातून उचलून तिच्या खांद्यावर टाकलं.

निशाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. लांबवर फक्त तो शिट्टीवाला. ती पुढे झुकली. आता ओरडायची गरज नव्हती.

"प्रितम..."

"काय गं?"

"काही नाही. नुसतं."

वारा पडला होता. तिच्या बोटांना संत्र्याचा वास येत होता.

"प्रितम, चल, बाहेर ये आता. गारठलेय मी. किल्ली दे."

प्रितमने खिशात हात घातला. खिशात नुसती वाळू होती.