पुसलेलं बेट

"गेलं! सगळं बेट गेलं!" गुंड्या किंचाळला.

सुट्टीचा पहिलाच दिवस. मैना धावत आली. दुरुस्तीहून परत आलेल्या गेमच्या कन्सोलवर नुसता निळा समुद्र! आत्याने वर्षभर उभारलेलं बेट गायब!

आत्या कपडे शिवायची. अपघातात तिचा उजवा हात जवळजवळ निकामी झाला. बोटांना व्यायाम हवा म्हणून मैना आणि गुंड्या या भाच्यांनी तिला हा गेम शिकवला. बेटावरचं पहिलं घर पार तिरपं झालं होतं. मग हळूहळू पुढची घरं सरळ होत गेली.

"जाऊ दे रे," आत्या म्हणाली, पण तोंड फिरवून.

मैना थोडीच गप्प बसणार! मामाने या कन्सोलमध्ये फेरफार करून सेव्ह केलेल्या खेळाची नक्कल काढणारं ॲप टाकलं होतं. दर रविवारी मैना बेटाची नक्कल कन्सोलमधल्या मेमरी कार्डावर ठेवायची.

तिने कार्ड काढलं आणि डोळे विस्फारले. "यावर माझा नेलपॉलिशचा ठिपकाच नाही! हे आपलं कार्ड नव्हे!"

शेजारच्या चष्मिसने ते लॅपटॉपला लावलं. फोल्डरचं नाव होतं 'वेटिंग रूम'.

"दातांचा दवाखाना!" चष्मिस ओरडली. "तिथे मुलांसाठी असाच कन्सोल आहे. दाढ काढायला गेले तेव्हा मी खेळलेय!"

तिघं आधी दुरुस्तीवाल्या काकांकडे थडकले.

"माझी चूक? शक्यच नाही," काका मान वर न करता म्हणाले. "आतलं सगळं पुसून कोरा करकरीत करून दिलाय की!"

"आणि दवाखान्याचा कन्सोल?" मैनाने विचारलं.

काकांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. "अरेच्चा! दोन्ही एकाच टेबलावर उघडले होते..."

पुढचं ऐकायला कोण थांबतंय! दवाखान्यात कंपाउंडर कन्सोलवर वैतागले होते. "एक गेम चालेल तर शपथ! हे कार्डच फॉरमॅट करतो."

"थांबा!" मैना ओरडली. त्याच क्षणी गुंड्याने झडप घालून कन्सोल उचलला.

"ए चोरा!"

"आधी कार्ड बघा, मग चोर म्हणा!"

कंपाउंडरनी कार्ड काढलं. त्यावर जांभळा ठिपका! चष्मिसने त्यांचं कार्ड पुढे केलं. दवाखान्यातले गेम झटक्यात सुरू झाले.

घरी येताच गुंड्या म्हणाला, "टाक लवकर!"

"आधी लॅपटॉपवर आणखी एक नक्कल," मैना म्हणाली. "ही एकुलती एक आहे. हिला काही झालं तर?"

मग तिने ॲप उघडलं, रविवारची तारीख निवडली आणि 'परत आणा' दाबलं. पट्टी सरकू लागली.

आणि समुद्रातून ते तिरपं घर वर आलं!

आत्याने पदर डोळ्यांना लावला. मग ती पुढे वाकली. "नदीवरचा पूल कुठंय?"

मैनाचा चेहरा पडला. "तो तू सोमवारी बांधलास. नक्कल रविवारची."

"एवढंच ना? आण इकडे."

तेवढ्यात दुरुस्तीवाले काका धापा टाकत दारात आले. "चुकलं माझं, पोरांनो! पण हे परत आणलंत कसं? मलाही शिकवा बाई. यापुढे नक्कल काढल्याशिवाय काही पुसणार नाही!"

"आमच्या पोरांची शिकवणी लावा," आतून बाहेर येत बाबा कौतुकाने हसले.

आत्याचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. उजव्या हाताची बोटं बटणांवर भराभर फिरत होती.

"सोमवारी पुलाला अख्खी दुपार लागली होती," गुंड्या कुजबुजला.

"झाला!" आत्या म्हणाली. घड्याळात जेमतेम दहा मिनिटं सरली होती.