उजव्या हाताची चटणी

माझ्या कॉम्प्युटरचा पडदा मी ताटासारखा वाढलेला आहे. हसा. हयातभर लोकांना हसवून पोट भरलं, आता फुकट हसवतो.

कारण डोळे. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध करडा डाग बसला आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. थोडक्यात, मी माझ्या जुन्या संपादकांसारखा झालो आहे. अक्षरं गेली, रंग आणि जागा राहिल्या. म्हणून घमापूर मोहल्ल्यातल्या, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या गुणवंतने मला कॉम्प्युटरवर मोठाली रंगीत चिन्हं करून दिली, आणि मी ती मांडली माझी बायको भानुमती वाढायची तशी. मधोमध पांढरा भात, म्हणजे चालू लेखन. उजवीकडे भाजी आणि आमटी: बँक आणि पत्रं. डावीकडे हिरवी चटणी, कोशिंबीर, लिंबू: गाणी, फोटो, किरकोळ. वर मधोमध, मिठाच्या जागी, कचऱ्याची टोपली. ही माझी भर. भानुमती असती तर तिने पळीने मारलं असतं.

हात आपोआप जागेवर जायचा. या जागांच्या जोरावर मी विजय नगरातल्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होतो, लिहीत होतो, विजेचं बिलसुद्धा भरत होतो.

एका सकाळी कॉम्प्युटरने अपडेट घेतलं. मी चहा केला, परत आलो, बँक उघडायला उजवीकडे गेलो, तर गाणं लागलं. चटणी उजव्या हाताला आली होती. भाजी डावीकडे. भात जागच्या जागी.

सगळं परत वाढलं. पुढच्या अपडेटला पुन्हा तेच. मग मी आयुष्यातली मोठी चूक केली: फोनवर मुलीला सांगितलं.

"बाबा, तुम्हीच हलवले असतील," मनीषा बंगलोरहून म्हणाली. "भूल गए होंगे."

"मी? मी तुझ्या पहिलीच्या बाईंचं नाव सांगू शकतो."

"आणि गॅसवर दूध? तेही कॉम्प्युटरने ठेवलं होतं?"

दूध एकदाच उतू गेलं होतं. पण आमच्या घरात त्याची नोंद पानिपतासारखी होते. शेवटी करार ठरला. ती स्वतः येऊन बघेल. दोष यंत्राचा निघाला तर मी इथेच. माझा निघाला तर फ्लॅट विकायचा आणि मी बंगलोरला, अकराव्या मजल्यावर, जिथे खिडकीतून फक्त दुसऱ्या खिडक्या दिसतात.

मी कंबर कसली. गुणवंतला बोलावलं.

"काकाजी, आपोआप मांडणी तर बंदच आहे," तो म्हणाला. "चिन्हांचं जाळीला चिकटणंही बंद."

"मग हे हलवून कोण राहिलं?"

"कधी कधी उर्दूसारखी भाषा सेटिंगमध्ये बसली ना, तर सगळं उजवीकडून सुरू होते." त्याने तपासलं. भाषा मराठीच होती. शिवाय बाकी काहीच उलटलं नव्हतं. खालची पट्टी, घड्याळ, सगळं जिथल्या तिथे. उलटलं होतं ते फक्त माझं ताट.

आम्ही हटलो नाही. पडद्याचं माप बदललं. ड्रायव्हर काढून नवा घातला. मांडणीचा मोबाइलवर फोटो घेतला, म्हणजे माझ्या डोक्यावर कुणी खापर फोडायला नको. शेवटी गुणवंतने अगदी कोरं, नवं खातं उघडलं. त्यात मी एक चिन्हसुद्धा ठेवलं नाही. मग अपडेट घेतलं.

कोऱ्या खात्यात पान वाढलेलं होतं. उलटं.

गुणवंत बराच वेळ माउसवर हात ठेवून बसला. "अच्छा," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या सुमनवहिनी लोणचं घेऊन आल्या. माझ्या मांडणीची त्या नेहमी टिंगल करत. पडद्यासमोर थांबल्या.

"काहून हो भाऊजी, चटणी उजव्या हाताला?"

"मी नाही वाढली. कंपनीने वाढली."

"काढा ते. आपल्याकडे असं पान पितरांना वाढतात." मग पुन्हा वाकून पाहिलं आणि हसल्या. "पण कंपनीला काही येत नाही. पितरांच्या पानावर मीठ वाढून राहिले!"

मीही हसलो. विनोद बरा होता, माझ्या नावावर खपला असता.

पुढच्या अपडेटनंतर मिठाच्या जागची टोपली नव्हती.

गुणवंतने सेटिंग उघडून पाहिलं. टोपली दाखवा, या ओळीसमोर बरोबरची खूण होती. पडद्यावर मात्र वरची जागा मोकळी.

"कुणीतरी ऐकून राहिलं, काकाजी," तो हळूच म्हणाला.

"ऐकू दे. मनीषा सोमवारी येते. तिच्यासमोर हे झालं म्हणजे झालं."

मनीषा आली. हातपाय धुवायच्या आधी तिने मला खुर्चीतून उठवून पलंगावर बसवलं, माउस स्वतःकडे घेतला. ताट मी आदल्या दिवशीच सुलटं करून ठेवलं होतं. तिने फोटोशी ताडून पाहिलं; टोपलीची जागा सोडली तर सगळं जुळलं. गुणवंतने अपडेट सुरू केलं.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. तिला दिसतील असे.

पडदा काळा झाला. कूलरमधलं पाणी ठिबकत होतं. मग पडदा उजळला.



मला कडेचं दिसतं. कडेला, उजवीकडे, हिरवं होतं.

"मैंने कुछ नहीं किया," मनीषा म्हणाली. तिचा हात माउसपासून लांब होता.

"मीसुद्धा नाही," मी म्हणालो. "हे लक्षात घे."

"हो, बाबा. तुम्ही नाही केलं." ती खुर्चीतून उठली. "ठीक है. तुम्ही इथेच राहा."

मी जिंकलो. गुणवंतला पेढा दिला. त्याने तो खिशात घातला आणि जिना उतरून गेला. मी कॉम्प्युटर बंद केला आणि, खबरदारी म्हणून, त्याची वायरही काढली.

दुपारी मनीषाने स्वयंपाक केला. हे विशेष. ती वाडग्यात सगळं कालवून चमच्याने खाणारी. ताट कसं वाढतात ते भानुमतीने शिकवायचं राहूनच गेलं. पण आज तिने भानुमतीचं मोठं स्टीलचं ताट काढलं होतं. चटणी वाटल्याचा वास येत होता.

"बसा," ती म्हणाली. स्वच्छ मराठीत.

मी बसलो. समोरचं दिसत नाही, म्हणून मी ताटात बोटांनी जागा चाचपतो. भाजीसाठी उजवीकडे हात नेला. बोटांना थंड, ओलसर, तिखट वासाचं काहीतरी लागलं.

मी बोट ताटाच्या वरच्या कडेला नेलं. मधोमध. तिथे स्टील होतं.

"मनीषा, मीठ?"

ती समोर उभी होती. बसली नव्हती.

"मीठ?" तिने विचारलं, खरंच नवल वाटल्यासारखं. "तुम्हाला लागतं?"