तेहतीसचा बाप

दादाने हयातभर लोकांच्या जमिनी मोजल्या. साखळी ताणायची, हद्दीचा दगड शोधायचा, आणि नाहीच सापडला तर नकाशाला नव्हे, स्वतःच्या डोळ्यांना दोष द्यायचा. अशा माणसावर म्हातारपणी गुलाबाची कुळी शोधायची पाळी यावी, म्हणजे बघा.

धाकटी बहीण बेबी गेली आणि शेजारणीने तिच्या घराची किल्ली दादाच्या हातात ठेवली. नऊ वर्षांत तो तिथे फिरकला नव्हता. आईचं दुखणं बेबीने एकटीने काढलं होतं. आणि आई गेल्यावर यानेच चारचौघांत म्हटलं, "फुलांच्या नादात आईकडे दुर्लक्ष केलंस." उचलली जीभ, लावली टाळ्याला! माफी मागायची रोज राहून जायची. आज मागू, उद्या मागू. बेबी काही तोवर थांबली नाही.

गच्चीवर तिने स्वतः तयार केलेले गुलाब होते, एक ते चाळीस. एका फुलाचे पराग दुसऱ्यावर लावायचे, फळ धरलं की बी पेरायचं, उगवलेल्या रोपाला पुढचा आकडा द्यायचा. त्यात तेहतीस नंबर म्हणजे नुसतं बघत राहावं असा. दुधाळ पाकळी, काठाला तांब्याची झाक. तो वाणांच्या नोंदणी कार्यालयात बेबीच्या नावावर चढवायचा, एवढं तरी तिच्यासाठी करायचं, असं दादाने ठरवलं. अर्जात रोपाची आई आणि बाप, दोन्ही लिहिणं सक्तीचं होतं.

बेबीची वही चोख होती. सहा वर्षांपूर्वीची नोंद: 'तेहतीस. आई बारा. बाप एक्केचाळीस.' खाली बारीक अक्षरात: 'पराग दादाने आणून दिले. सकाळी दहा. एक शब्द बोलला नाही.'

दादाने चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. एक्केचाळीस नंबर वहीत नव्हताच. आणि सहा वर्षांपूर्वी तो या घरी आलाच नव्हता.

"चौदाचं एक्केचाळीस झालं असेल, दादा," ओळखीचा नर्सरीवाला म्हणाला. "माणूस एकटं राहिलं की काहीबाही लिहितं."

चौदा तपासला. तो या नोंदीच्या आदल्या वर्षीच वाळून गेला होता, तशी नोंद होती. एकटं राहिलं की, हे शब्द मात्र दादाच्या मनातून जाईनात. तो स्वतः तरी कसा राहत होता? सकाळी एक कप, रात्री एक ताट, आणि दिवसभर रेडिओ.

तेहतीसवर एक फळ पिकलं होतं. वाया कशाला घालवा म्हणून त्याने बी पेरलं. एकच रोप वर आलं. वहीच्या नियमाने त्याचा नंबर एक्केचाळीस. पाटीवर आकडा लिहिताना दादाचा हात थबकला, पण नियम तो नियम.

दोन महिन्यांनी पहिली कळी उमलली. अख्खं फूल तांब्याच्या रंगाचं.

"अहो, हाच की तेहतीसचा बाप! तोंडावरच लिहिलंय!" नर्सरीवाला हसला. "कुठे होता इतके दिवस?"

"तेहतीसच्याच बियांचा आहे. मी पेरला."

"काहीतरीच काय! लेकीच्या पोटी बाप जन्मतो होय?"

दादाने रोपाची पाटी त्याच्याकडे वळवली. नर्सरीवाल्याने फूल पुन्हा एकदा निरखलं, मग दादाकडे पाहिलं. चहा ठेवला होता, पण त्याला एकाएकी काम आठवलं.

त्या रात्री दादाने वही उशाशी घेतली. दादाने आणून दिले. म्हणजे हे पराग घेऊन आपण जाणार. बेबी भेटणार. भीती वाटायला हवी होती, पण त्याचा जीव नुसता हरखून गेला. एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा घोकत राहिला. बेबी, चुकलं माझं. तीन शब्द, त्यात काय अवघड!

सकाळी दहाला त्याने पराग डबीत झाडून घेतले आणि गच्चीवरून बेबीच्या कामाच्या खोलीकडे उतरला. दार लोटलेलं होतं. आतून ओल्या मातीचा वास आला.

बेबी पाठमोरी बसली होती. केस अजून निम्मे काळे. पुढ्यात बाराची कुंडी.

"आलास?" वळून न बघता ती म्हणाली. "ठेव तिथे."

त्याने डबी ठेवली.

तोंड उघडलं. शब्द येईना. लाज वाटली, रडू दाटून आलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पाय आपसूक दाराकडे वळले.

मागे खुर्ची सरकली.

"दादा, अरे..."

तो बाहेर पडला. दार ओढून घेतलं. दुसऱ्याच क्षणी भानावर येऊन त्याने ते धाडकन उघडलं.

खोली रिकामी. टेबलावर धूळ. डबी नव्हती.

किती वेळ उभा होता कोण जाणे. डोळे पुसायला हात वर नेला, तेव्हा बाही दिसली. कुणीतरी मागून घट्ट धरून ठेवू पाहावं, तशी ओल्या मातीची बोटं तिच्यावर उमटली होती. त्यात करंगळी अर्धीच होती. लहानपणी बेबीची ती दारात चिरडली होती, आणि दार दादानेच ओढलं होतं.