नळीभर गाळ

डोंगरमाथ्यावरच्या तळ्याच्या तळातून नळीभर गाळ काढायचा आणि तो हलू न देता खाली आणायचा, एवढ्यासाठी तिघं निघाली होती. ऐकणाऱ्याला हसू येईल. चिखलासाठी कुणी चार दिवस डोंगर चढतं का? पण चिमणीची पीएचडी त्या चिखलावर अडली होती. आणि पीएचडीचं एक वेळ जाऊ द्या, शोधनिबंधावर दादाचं नाव छापून यायचं होतं! त्याचं अर्धं राहिलेलं काम या एका नळीनं पुरं होणार होतं.

दादा म्हणजे प्रयोगशाळेतला तिचा सीनियर. सरांनी विषय दिला आणि ते परिषदांना निघून गेले. बाकी सगळं शिकवलं ते दादानं. गाळाचे थर कसे वाचायचे, ओल्या मोज्यांत झोप कशी काढायची, सरांच्या मेलला रागाच्या भरात उत्तर का द्यायचं नाही. "पाण्यात पाय घालण्याआधी पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा," हे तर त्यानं शंभरदा बजावलं होतं. पडलो तर पिशवी जाऊ दे, आपण उरलो पाहिजे!

गेल्या वर्षी याच वाटेवरची नदी ओलांडताना दादा वाहून गेला. सापडला तेव्हा पट्टा बांधलेलाच होता. नळी जरा कलली तरी थर एकमेकांत मिसळतात, म्हणून शहाण्यानं ती पाठीशी करकचून आवळली होती. दुसऱ्यांना शिकवणारा स्वतःच विसरला! चिमणीला त्याचा अजून भयंकर राग यायचा. रडू आलं की ती रागावूनच घ्यायची.

यंदा सोबत होता तिच्याच बॅचचा पैलवान, नावाच्या अगदी उलट, नुसता काडी. आणि वाटाड्या मामा.

तळ्यावर गारांनी झोडपून काढलं. रबरी होडी दोनदा उलटता उलटता वाचली. पण नळी वर आली आणि पैलवान चक्क नाचला! काळा थर, राखी थर, पुन्हा काळा. दादानं सांगितलं होतं, अगदी तस्सेच.

उतरताना नदी फुगलेली. दोन दिवस वाट पाहिली, शिधा संपला. पाणी थोडं ओसरल्यावर मामांनी पलीकडे जाऊन दोर बांधला आणि तिथून ओरडून विचारलं,

"पोरी, पट्टा सोडलास ना?"

"सोडला, मामा!"

धडधडीत खोटं! नळी तिच्याच पिशवीत होती, म्हणून तिनं पट्टा उलट दोन बोटं आणखी आवळला होता.

मध्यावर दगड सरकला. ती कोसळली! पाणी नाकातोंडात गेलं. एक हात दोरावर, पाठीवरची पिशवी खाली ओढतेय!

"पट्टा!" मागून पैलवान किंचाळला. "सोड गं! मरशील!"

हात पट्ट्यावर गेला आणि थांबला. दादाचाही इथंच थांबला असणार. तो विसरला नव्हताच. त्याला सोडवलं नव्हतं, बस्स. वर्षभराचा राग त्या थंडगार पाण्यात एकदम गळून गेला, आणि उरलं ते नुसतं दुःख.

खट्!

पिशवी गेली. मामांनी तिला दंडाला धरून काठावर ओढलं. ती गुडघ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडली. मागोमाग पैलवानही काठाला लागला. एरवी त्यानं तिची टर उडवली असती. आता त्यानं आपला त्यातल्या त्यात कोरडा स्वेटर तिच्या अंगावर टाकला.

खालच्या गावात पोहोचल्यावर तिनं दादाच्या आईला फोन लावला.

"काकू, आम्ही उतरलो. पण नळी गेली. मीच सोडली. आता त्याचं नाव नाही येणार हो. हात हलवत आले मी."

"तिघंही आलात?"

"हो."



"असाच हात हलवत तोही आला असता तर गं," काकू म्हणाल्या.

 पैलवाननं चिमणीच्या हातातून फोन घेतला. "हो काकू, तिघंही आलोय," तो म्हणाला.